सहा घोडे कामाला, बाकीचे सोबतीला

उसन्या घ्यायच्या वस्तूंची माझ्या मनात एक प्रतवारी आहे. छत्री, शिडी आणि पुस्तक या तिसऱ्या प्रतीच्या वस्तू होत. त्या परत करायच्या असतात याची आठवण घेणाऱ्याला राहत नाही आणि पुष्कळदा देणाऱ्यालाही राहत नाही. दुसऱ्या प्रतीत कॅमेरा, मोठी बॅग, ड्रिल मशीन अशा वस्तू येतात, ज्या परत करताना "एकदा बघून घे हं" असे म्हणावे लागते आणि समोरचा "छे, छे" म्हणत बारकाईने बघून घेतो. पहिल्या प्रतीत माझ्या मते एकच वस्तू आहे, ती म्हणजे दुसऱ्याची आलिशान आणि वेगवान स्पोर्ट सेडान. ती मी मागितली नव्हती, हे सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो. ती माझ्या गळ्यात पडली.

माझा एक जुना मित्र बायकोला घेऊन काही आठवड्यांसाठी परदेशी निघाला होता. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी त्याने गाडीची किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि या व्यवहारात उपकार मीच त्याच्यावर करतो आहे, असे मला पटवून दिले. "अरे, या गाड्या नुसत्या उभ्या राहिल्या की बिघडतात," तो म्हणाला. हे खोटे नव्हते. गाडी बंद असली तरी तिचा अलार्म, किल्लीची चाहूल घेणारे यंत्र, मालकाच्या मोबाइलशी संधान बांधून बसलेले दुसरे यंत्र ही मंडळी जागीच असतात आणि थोडी थोडी वीज खात राहतात. काही आठवड्यांत बॅटरी मान टाकते. शिवाय सतराशे किलोंचा भार एकाच जागी पेलत राहिला की टायर जमिनीला टेकतो तेथे चपटा होऊ लागतो, आणि नंतर गाडी निघाली की बराच वेळ चाके धडधडत राहतात. "म्हणून म्हणतो, अधूनमधून चक्कर मारत जा. आणि लाजू नकोस, दाबत जा," असे सांगून तो गेला. दाबायचा तो ॲक्सिलरेटर, हे मला कळले होते. परंतु त्या सगळ्या काळात मी जे मन लावून दाबले ते ब्रेकचे पेडल होते.

गाडी कोणत्या कंपनीची, हे मी सांगणार नाही. मोटारींविषयी लिहिणारे जाणकार गाडी दिवसभर पिळून काढतात, टायरचा धूर काढतात आणि संध्याकाळी कंपनीच्या माणसाच्या हाती किल्ली देऊन घरी जातात; त्यामुळे त्यांच्या लेखांत शून्यापासून शंभरापर्यंतचे सेकंद असतात, वळणावरची पकड असते, इंजिनाचा नाद असतो. ज्याला ती गाडी रात्री कुठे लावायची याची चिंता आहे, आणि तिच्या मालकाशी पुढची वीस वर्षे मैत्री टिकवायची आहे, अशा माणसाने लिहिलेला चालन-अनुभव माझ्या तरी वाचनात आलेला नाही. ती उणीव येथे भरून काढतो.

पहिला अनुभव गाडीत शिरण्याचा. आपल्या साध्या गाडीत माणूस बसतो. या गाडीत त्याला उतरावे लागते. आधी डोके वाकवून आत घालायचे, मग एक पाय, मग धड सोडून द्यायचे आणि आसन जेथे भेटेल तेथे भेटेल, असा तो प्रकार आहे. आसन इतके खाली ठेवण्यामागे शास्त्र आहे: वजन जितके जमिनीलगत, तितकी गाडी वळणावर कमी कलते. शास्त्र मला मान्य आहे. माझ्या गुडघ्यांना ते कोणी समजावून सांगितलेले नाही. आत पडल्यावर मी ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबले, तसे पडद्यावर वहिनींच्या नावाने सुप्रभात झाले आणि आसन आपण होऊन पुढे सरकू लागले. मित्राने मला दिलेली किल्ली वहिनींची होती, हे तेव्हा उघड झाले. या गाड्या किल्लीवरून माणूस ओळखतात आणि त्या माणसाला रुचेल तसे आसन, आरसे, गाणी, थंडावा, सगळे मांडून ठेवतात. वहिनींची उंची माझ्यापेक्षा बरीच कमी आहे. आसन निश्चयाने पुढे येत राहिले, माझे गुडघे डॅशबोर्डला टेकले, स्टिअरिंग पोटाला भिडले, आणि कडेच्या फुगीर उशांनी, वळणावर चालक घसरू नये म्हणून त्या असतात, मला दोन्ही बाजूंनी आवळले. बाहेरचे आरसेही खाली वळले आणि त्यांत मला फक्त मागची चाके दिसू लागली. आसन मागे नेण्याचे बटण आसनाच्या कडेला, म्हणजे नेमके जेथे माझा हात आता पोचू शकत नव्हता तेथे होते. दार उघडे होते म्हणून मी वाचलो. ही ओळख पुसून माझी नवी ओळख नोंदवण्याची सोय गाडीत होती, पण दुसऱ्याच्या बायकोचे नाव गाडीतून पुसण्याचे धाडस मला झाले नाही. त्यामुळे शेवटच्या दिवसापर्यंत त्या गाडीच्या लेखी मी वहिनीच राहिलो.

दुसरा अनुभव आवाजाचा. थंड इंजिन सुरू होताच ही गाडी पहिले मिनिटभर जी गर्जना करते, ती सकाळी सहा वाजता बंदिस्त आवारात ऐकण्याचा प्रसंग शत्रूवरही येऊ नये. मला वाटले होते की ही श्रीमंतीची हौस असावी. परंतु त्यामागे पर्यावरणरक्षण आहे. धुरातील विषारी वायू निरुपद्रवी करणारे जे उपकरण सायलेन्सरच्या अलीकडे बसवलेले असते, ते तीनशेएक अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याखेरीज नीट कामाला लागत नाही. म्हणून ते लवकर तापावे यासाठी संगणक इंजिन मुद्दाम जोरात फिरवतो आणि ठिणगी जरा उशिरा पाडून गरम धूर त्याच्याकडे धाडतो. हवा शुद्ध राहावी म्हणून हा खटाटोप चालला आहे, हे मी वरच्या मजल्यावरच्या काकांना खिडकीकडे तोंड करून सांगितले. त्यांनी खिडकी लावून घेतली. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी बोलणे सोडले आणि त्यांच्या नातवाने माझ्याशी बोलणे सुरू केले.

गिअरच्या दांड्याविषयी थोडक्यात सांगतो. तो दांडा पुढे ढकलला तर गाडी मागे जाते, मागे ओढला तर पुढे जाते, आणि सोडला की काहीच न घडल्यासारखा पुन्हा मध्ये येऊन उभा राहतो. गाडी कोणत्या गिअरमध्ये आहे हे त्याच्याकडे पाहून समजत नाही. ते पडद्यावर वाचावे लागते. हँडब्रेक म्हणजे नखाएवढे एक बटण. प्रत्येक सिग्नलला इंजिन आपोआप बंद होते आणि ब्रेकवरून पाय उचलताच सुरू होते, ही पेट्रोल वाचवण्याची युक्ती आहे; पण ज्याचे आयुष्य सिग्नलला बंद पडणाऱ्या गाडीत गेले आहे, त्याच्या छातीत त्या शांततेने जे होते ते कोणत्याही माहितीपुस्तकाने थांबत नाही.

आता घोड्यांकडे वळतो, कारण मित्राचा खरा अभिमान त्यांच्यात आहे. इंजिन तीन लिटरचे, सहा सिलिंडरचे, टर्बो लावलेले, आणि अश्वशक्ती ३८०. हा घोड्यांचा हिशेब अठराव्या शतकात जेम्स वॉट यांनी आपल्या वाफेच्या यंत्रांचे बळ गिऱ्हाइकांना समजावे म्हणून मांडला. आज युरोपात प्रचलित असलेल्या मापाप्रमाणे ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलण्याची ताकद म्हणजे एक घोडा. ३८० घोडे म्हणजे साडेअठ्ठावीस टन वजन एका सेकंदात एक मीटर वर. हे वाचून कोणाचीही छाती फुगेल. परंतु सपाट, गुळगुळीत रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरच्या स्थिर वेगाने अशी गाडी चालवायची असेल, तर टायरचे घर्षण आणि वाऱ्याचा विरोध मिळून पाच-सहा घोड्यांपेक्षा अधिक घोडे लागत नाहीत. म्हणजे माझ्या सेवेत सहा घोडे होते आणि उरलेल्या तीनशे चौऱ्याहत्तरांना मी नुसता फिरवून आणत होतो. एखाद्या सिग्नलवरून निघताना पाय किंचित अधिक पडला, तर त्यांच्यातले शंभरएक जण एकदम उठून उभे राहत, माझे डोके मागच्या उशीवर आपटे, आणि मी तातडीने त्यांना खाली बसवी.

हे घोडे गाडीला साडेचार सेकंदांत शंभराचा वेग देतात. पुढे आणखी जोर लावला तर ताशी २५० किलोमीटरला संगणक त्यांना अडवतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस काही जर्मन कंपन्यांनी आपसांत ठरवून वेगवान गाड्यांना ही वेसण घातली, आणि सभ्य माणसांचा हा लेखी नसलेला करार बऱ्याच अंशी अजून पाळला जातो. मला या कराराविषयी नितांत आदर आहे. तो मोडण्याची माझी सरासरी संधी कार्यालये सुटण्याच्या वेळी ताशी नऊ किलोमीटर एवढी होती. एकदा एक गृहस्थ कुत्र्याला घेऊन पदपथावरून चालले होते. एका सिग्नलपासून पुढच्या सिग्नलपर्यंत आम्ही एकमेकांना कितीतरी वेळा मागे टाकले, आणि शेवटी कुत्र्याने खांबाशी वेळ घालवला म्हणूनच मी जिंकलो.

तथापि वेगाची भीती ही या गाडीतली सर्वांत छोटी भीती आहे. मोठी भीती चाकांची. टायरच्या कडेवर २५५/३५ आर १९ असे लिहिले होते. यातला पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा, त्या रुंदीच्या शेकडा किती इतकी टायरची उंची. शेवटचा, रिमचा व्यास, इंचांत. २५५ चे ३५ टक्के काढले तर उत्तर सुमारे ८९ मिलिमीटर येते. म्हणजे मित्राची झळाळती, कातीव, कोठेही डाग नसलेली रिम आणि पदपथाचा खडबडीत कठडा यांच्यात माझ्या तळहाताच्या रुंदीएवढेच रबर होते. बरे, रिमची कड टायरच्याही किंचित बाहेर डोकावत होती, असा मला संशय होता. रात्री टॉर्च घेऊन तपासले तेव्हा तो खरा निघाला. तेव्हापासून रस्त्याच्या कडेला गाडी लावताना मी कठड्यापासून इतके अंतर ठेवू लागलो की मागून येणाऱ्यांना गाडी लावली आहे की रस्त्यात सोडून दिली आहे, हे ठरवता येईना. शिवाय गाडीत जादा चाक नव्हते. त्याऐवजी कडक बगलांचे टायर दिलेले असतात. ते पंक्चर झाले तरी हवेविना ताशी ८० च्या वेगाने सुमारे ८० किलोमीटर जाऊ शकतात. ही सोय उत्तम आहे, फक्त तिची किंमत पंक्चर न झालेल्या दिवशी मोजावी लागते, कारण तो कडकपणा रस्त्यातला प्रत्येक सांधा, प्रत्येक झाकण आणि प्रत्येक खडा आपल्या मणक्याला स्वतंत्रपणे कळवतो.

आणि गतिरोधक! या गाडीत बसेपर्यंत गतिरोधक हा मला रस्त्याचा एक सामान्य अवयव वाटत असे. दोन चाकांच्या जोड्यांमधले अंतर मोठे, पोट जमिनीलगत, पुढचा ओठ त्याहून खाली, अशा गाडीतून पाहिले की प्रत्येक गतिरोधकाला स्वतःचे व्यक्तिमत्त्व प्राप्त होते. बसकट गतिरोधक बरे; टोकदार, अरुंद आणि नुकतेच कोणीतरी उत्साहाने घातलेले सर्वांत वाईट. जाणकार सांगतात की गाडी तिरकी न्यावी, म्हणजे एका वेळी एकच चाक चढते आणि पोट वाचते. मी गाडी तिरकी नेऊ लागलो. तिरके नेण्यासाठी अर्धा रस्ता अडवावा लागतो. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवतो, समोरचा थबकतो, कडेला उभे असलेले लोक काही अपघात झाला आहे का ते पाहू लागतात, आणि त्या सर्वांच्या साक्षीने तुम्ही भरलेली घागर डोक्यावर घेऊन पायरी उतरावी तशी गाडी सेंटिमीटर-सेंटिमीटरने पलीकडे नेता. पहिले चाक गेले. दुसरे गेले. मग पोटाखालून एक बारीक 'खर्र' असा आवाज येतो, तो गाडीचा आहे की वाळलेल्या पानाचा हे कधीच कळत नाही, आणि उरलेला दिवस त्या विचारात जातो. माझ्या नेहमीच्या रस्त्यावर एकापाठोपाठ एक असे गतिरोधक होते. मी रस्ता बदलला. नवा रस्ता दुप्पट लांबीचा होता, परंतु त्यावर पोट घासत नसे.

तळघरातल्या पार्किंगचा उतार हा याच दुःखाचा पुढचा अध्याय होय. तेथे गाडी स्वतः मदतीला येते. पडद्यावर गाडीचे वरून घेतलेले चित्र उमटते, जणू कोणी आकाशातून पाहते आहे. प्रत्यक्षात वर कोणीही नसते. पुढे, मागे आणि दोन्ही आरशांखाली असलेल्या चार कॅमेऱ्यांची चित्रे शिवून संगणक हे चित्र रचतो आणि मधोमध गाडीचे एक तयार चित्र चिकटवतो. त्यामुळे चित्रातली गाडी नेहमीच स्वच्छ आणि निर्दोष असते, खरी गाडी कशीही असो. त्यातच पुढचे, मागचे आणि कडेचे संवेदक एकाच वेळी ओरडू लागतात. अंतर कमी होईल तसतसे 'टिंग, टिंग' जवळजवळ येते आणि शेवटी अखंड सूर लागतो. रखवालदार "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत असतो, गाडी "थांब, थांब" म्हणत असते. एकाला आपण पाहू शकतो आणि दुसरीवर विश्वास ठेवावा लागतो. मी गाडीचे ऐकले. त्यामुळे रखवालदाराच्या मते मी नवशिका ठरलो आणि मागच्या खांबाला अजून हातभर जागा होती.

पण खरा जाच वेगळाच होता. त्या गाडीचा मालक हजारो किलोमीटर दूर असूनही गाडीतच होता. त्याच्या मोबाइलवर एक ॲप होते, आणि ते त्याला गाडी कुठे उभी आहे, कुलूप लागले आहे का, टाकीत पेट्रोल किती आहे, एखादी काच उघडी आहे का, हे सगळे सांगत असे. मी भाजी घेऊन परत येतो तो त्याचा संदेश: "मागची डावी काच दोन बोटं उघडी आहे." मी धावत जाऊन काच लावी. रात्री अकराला संदेश: "आज गाडी हललीच नाही वाटतं?" मी कपडे करून चक्कर मारून येई. एकदा त्याने परदेशातल्या हॉटेलात बसून गाडीचे दिवे लावले आणि हॉर्न वाजवला, कारण त्याला शेजारी बसलेल्या कोणाला तरी ती सोय दाखवायची होती. येथे मध्यरात्र उलटून गेली होती. वरच्या मजल्यावरच्या काकांची खिडकी उघडली आणि काही न बोलता पुन्हा बंद झाली. मी मित्राला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "वाजला का? वा! इथून कळत नाही ना, वाजला की नाही ते."

रस्त्यावरच्या इतरांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. काही जण वाट देतात. ती गाडीला दिलेली असते. काही तरुण सिग्नलला शेजारी येऊन इंजिनाचा आवाज काढतात आणि नजरेने आव्हान देतात. मी त्यांच्याकडे पाहून हसलो, हिरवा दिवा लागताच आपले सहा घोडे घेऊन निघालो, आणि ते पुढे गेल्यावर आरशात मागे पाहून त्यांनी जो चेहरा केला तो मनाला लावून घेतला नाही.

घरच्यांना एकदा फिरवणे भाग होते. चार दारे, कुटुंबाचा डबा आणि आत शर्यतीचे इंजिन, ही कल्पना जुनी आहे. १९५९ ची जग्वार मार्क २ काय किंवा १९६२ ची अल्फा रोमिओ जुलिया काय, बायको-मुलांना मागे बसवून बापाने वेगाची हौस भागवावी हाच त्यांचा हेतू होता. १९९० साली मर्सिडीजने ५०० ई नावाची गाडी आणली, तिच्या बांधणीत पोर्शचा हात होता. रुंद मडगार्डांमुळे ती मर्सिडीजच्या नेहमीच्या कारखान्यातल्या ओळीतून जात नसे, म्हणून बॉडी दोन कारखान्यांमध्ये ये-जा करीत असे. मागच्या चाकांना ताकद वाटून देणारे यंत्र एवढे मोठे बसवावे लागले की मागच्या आसनावर तिसऱ्या माणसाला जागाच उरली नाही. या सगळ्या इतिहासात एक गोष्ट समान आहे: हौस पुढे बसते आणि बिल मागे बसणाऱ्यांच्या पाठीवर फाडले जाते. आमची आई मागे बसली. बसली म्हणजे आम्ही दोघांनी मिळून तिला आत सोडले. "केवढी महाग गाडी रे ही," ती म्हणाली, "आणि धरायला मूठ कुठाय?" मूठ होती, छताशी, मखमली कापडात लपवलेली. पहिल्याच झाकणावरून गाडी गेली तेव्हा तिला ती सापडली. बायको पुढे होती. ती एवढेच म्हणाली, "अहो, तो रिक्षावाला गेला ना पुढे, तुम्हीही जा ना." परत आल्यावर आईला बाहेर काढायला शेजारचा मुलगा बोलवावा लागला, आणि बाहेर येऊन कंबर सरळ करीत तिने विचारले, "आपली गाडी आहे ना अजून?"

तरीही एका पहाटेविषयी लिहिले नाही तर गाडीवर अन्याय होईल. रस्ता मोकळा होता, नुकताच डांबर टाकलेला, डोंगराच्या कडेने वळत जाणारा, आणि त्यावर एकही गतिरोधक नव्हता. मी दांडा ओढून स्पोर्टवर आणला. स्टिअरिंग जड झाले, आसनाच्या उशा पुन्हा एकदा वहिनी समजून मला आवळून बसल्या. पहिल्या वळणाला मी सवयीने लवकर ब्रेक दाबला, तशी गाडी किंचित हिरमुसली. दुसऱ्याला थोडा उशिरा. तिसऱ्याला मी स्टिअरिंग वळवले आणि गाडीचे नाक विचार करण्याआधीच आत वळले. पुढच्या आणि मागच्या चाकांवर वजन जवळजवळ निम्मे निम्मे ठेवण्यासाठी हे लोक इंजिन पुढच्या आसापासून शक्य तितके मागे ढकलतात, प्रसंगी बॅटरीही डिकीत नेऊन ठेवतात. तो सगळा उद्योग कशासाठी, हे मला त्या वळणावर पाठीच्या खालच्या भागात समजले. गाडी कलली नाही, कुरकुरली नाही, मागच्या चाकांनी एक हलका रेटा दिला आणि वळण संपले. वेगाचा काटा रस्त्यावरच्या पाटीच्या आत होता. आणि तो इंजिनाचा आवाज! खर्जातून चढत जाणारा, भरदार, अंगावर काटा आणणारा. मी काचा खाली केल्या, आवाज अधिक यावा म्हणून. तो कमी झाला. या गाड्या बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून इतक्या बंदिस्त केलेल्या असतात की आतल्याला इंजिन ऐकूच येत नाही. मग त्याच इंजिनाचा नाद गाण्याच्या स्पीकरमधून आत सोडतात. २०११ च्या बीएमडब्ल्यू एम ५ मध्येही हीच तजवीज होती, असे मी नंतर वाचले. खोटा तर खोटा, मी काचा वर केल्या आणि पुढची वळणे घेतली. त्या अर्ध्या तासात माझ्या हाताखाली शंभर-सव्वाशे घोडे तरी नक्की होते.

परत येऊन गाडी झाडाखाली लावली आणि वर एक कावळा बसला. पक्ष्यांची विष्ठा वेळीच पुसली नाही तर रंगावरचा चकचकीत थर खराब होतो, विशेषतः उन्हात. त्यामुळे मी त्या कावळ्याकडे आणि तो माझ्याकडे पाहत पुष्कळ वेळ उभे होतो. अखेर गाडीवर पांघरूण घालावे असे ठरवले, तर पांघरुणाखालची धूळ रंगावर ओरखडे काढते असे कळले, म्हणून आधी गाडी धुतली. गाडी धुण्याचे दोन बादल्यांचे शास्त्र असते, एक साबणाची आणि एक कापड खळबळायची, हे मला त्या वयात शिकावे लागले.

मित्र परतायच्या आदल्या दिवशी मी टाकी भरली. झाकणाच्या आत '९८ ऑक्टेन' असे छापले होते. टर्बोने हवा कोंबलेल्या इंजिनात हलके पेट्रोल वेळेआधीच पेट घेऊ पाहते, म्हणून हे चोचले. आमच्या घरातल्या कोणालाही मी इतक्या उच्च प्रतीचे काही कधी खाऊ घातलेले नाही. मित्र आला, गाडीभोवती "छे, छे" म्हणत एक पूर्ण फेरी मारली, चारही रिमपाशी वाकला, समाधानाने मान हलवली आणि गाडी घेऊन गेला. त्या रात्री मी आपल्या जुन्या गाडीतून मुद्दाम त्याच गतिरोधकांच्या रस्त्याने, सरळ, तिसऱ्या गिअरमध्ये घरी आलो.

आठवड्याभराने वहिनींचा फोन आला. आजवर मी स्टिअरिंग धरलेले पाहिले होते ते मित्रालाच, त्यामुळे गाडीची हौस त्याची असे मी धरून चाललो होतो. "भावजी," वहिनी म्हणाल्या, "माझ्या किल्लीवर गाडी तुम्ही चालवत होतात ना?" मी होय म्हटले. हल्लीचे अनेक गिअरबॉक्स चालकाची सवय हेरतात आणि त्याप्रमाणे गिअर लवकर किंवा उशिरा बदलायला शिकतात, हे त्यांनी मला समजावून सांगितले. "आधी मी नुसता पाय टेकवला की उडी मारायची हो ती. आता पाय दाबला की आधी ऐकून घेते, मग विचार करते, आणि मग विचारते, 'नक्की ना?' काल त्या हायवेवर एका डिझेलवाल्याने मला मागे टाकलं. मला! तुम्ही नेमकं काय शिकवलंत तिला?" मी काही तरी बोलणार तेवढ्यात मागून मित्राचा आवाज आला, "अगं, जाऊ दे, मायलेज तर बघ किती वाढलंय," आणि वहिनींनी फोन ठेवला.